शेतीचा हिशेब आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. बी. ए.ला अर्थशास्त्र हा माझा एक विषय होता आणि पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका हिशेबनिसाचे बोलणे आहे, असे समजून ऐकावे.

विषय शेतीचा आहे. बेंगळुरूसारख्या शहरात, संगणकाच्या आणि विमानांच्या कारखान्यांच्या गावात, शेतीवर व्याख्यान कशाला, असे कोणास वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांचे नाव आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर आहे, हे आपण मनातल्या मनात मोजून पाहावे. कोणाची जमीन कऱ्हाडकडे आहे, कोणाची निपाणीस, कोणाची खानदेशात. आपण येथे नोकरी करतो; तिकडे कोणी भाऊ, कोणी चुलता ती कसतो. दिवाळीत आपण जातो, "शेती कशी चालली आहे?" असे विचारतो, "चाललंय" असे उत्तर मिळते आणि शेंगांची पिशवी घेऊन आपण परततो. त्या "चाललंय" या शब्दात नेमके काय चालले आहे, हे पाहण्याचा आजचा प्रयत्न आहे.

शेती व्यवस्थापनाचे अर्थशास्त्र हे नाव भारदस्त असले तरी त्यातले प्रश्न घरगुती आहेत. कोणते पीक घ्यावे, त्यासाठी काय काय लावावे आणि शेवटी हाती काय उरावे? आपल्या मुलखात हे प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने विचारणाऱ्यांत डॉ. हॅरॉल्ड मान यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी सुमारे ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती सुमारे ७ एकरांवर आली होती, आणि तीही ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांत. आज त्याच पिंपळे सौदागरात आपल्यापैकी कित्येकांची मुले सदनिका घेऊन राहतात, ही गोष्ट वेगळी.

पुढे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी केली. ती १९४० साली प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ पासून, केंद्र सरकारने देशाच्या निरनिराळ्या भागांत शेती व्यवस्थापनाच्या अर्थशास्त्रीय पाहण्या सुरू केल्या. त्या वेळच्या मुंबई राज्यातून अहमदनगर आणि नाशिक हे दोन जिल्हे निवडले गेले. माझे गाव अहमदनगर जिल्ह्यातले. आज त्याला अहिल्यानगर म्हणतात. या पाहण्यांचा एक विशेष असा की, शेतकऱ्याला वर्षअखेर गाठून "काय मिळाले?" असे विचारण्यावर त्या थांबल्या नाहीत. नेमलेला माणूस वर्षभर गावात राहून निवडलेल्या घरांचा रोजचा खर्च, रोजचे काम आणि रोजची आवक टिपून घेत असे. आजही लागवड खर्चाची जी देशव्यापी योजना चालते, ती याच वाटेने आलेली आहे.

या पाहण्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. लहान शेतकऱ्याचे एकरी उत्पन्न मोठ्या शेतकऱ्याहून पुष्कळदा अधिक दिसू लागले. मोठ्या शेतीत यंत्रे, भांडवल, पत सर्व काही अधिक. मग असे का? १९६२ साली अमर्त्य सेन यांनी यावर जे विवेचन केले, ते थोडक्यात असे. मोठा शेतकरी मजूर लावतो आणि मजुरी वसूल होईल तेथेच थांबतो. लहान शेतकरी घरची माणसे राबवतो. त्यांना मजुरी द्यायची नसते, म्हणून आणखी एक खुरपणी, आणखी एक पाळी तो देत राहतो. पीक वाढते. परंतु घरच्या माणसांच्या श्रमाला बाजारभावाने मजुरी धरली, तर यातल्या पुष्कळशा शेतीचा नफा नाहीसा होऊन तोटा दिसू लागतो. जमिनीच्या सुपीकतेचे आणि शेतकऱ्याच्या कौशल्याचे आपण कौतुक करतो. त्याखाली न मोजलेल्या मनुष्यदिवसांचा एक थर असतो.

हे दिवस मोजायचे की नाही, हाच प्रश्न पुढे कृषिधोरणाच्या मध्यभागी येऊन बसला. १९६५ साली कृषिमूल्य आयोग स्थापन झाला. १९८५ पासून त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे आहे. हमीभाव सुचवताना तो खर्चाचे निरनिराळे हिशेब मांडतो. बियाणे, खत, औषध, बैल, पाणी, लावलेले मजूर आणि खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड, असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले की सी-२. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के अधिक भाव सुचवला. २०१८ साली केंद्र सरकारने दीडपट भावाची घोषणा केली ती ए-२ अधिक एफएल या खर्चावर. शेतकरी संघटना म्हणतात, खर्च सी-२ धरा. वर्तमानपत्रातील या वादात आपल्याला अक्षरे आणि आकडेच दिसतात. वादाचे मूळ मात्र एका साध्या प्रश्नात आहे: शेतकऱ्याच्या घरात जे आहे, त्याची किंमत धरायची की ते फुकट समजायचे?

हे सर्व मी पुस्तकातून वाचले होते. ते मला कळले मात्र २०२२ सालच्या दिवाळीत, आमच्या ओसरीवर.

आमची सात एकर जमीन प्रवरेच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. पाणी वरची गावे भिजवून जे उरेल ते आमच्याकडे येते. वडिलांच्या पश्चात जमीन आम्हा दोघा भावांच्या नावे झाली. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले. त्याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही, हेही येथे कबूल करून टाकतो. थोरले बंधू शेती पाहतात. मी इतकी वर्षे माझ्या हिश्शाचे काही मागितले नाही आणि ते माझे औदार्य आहे, अशी माझी समजूत होती. त्या वर्षी येथील घराचे कर्ज आणि मुलीचे शिक्षण यांची ओढाताण चालली होती. आपला साडेतीन एकरांचा हिस्सा विकावा, असा विचार मनात धरून मी गावी गेलो होतो.

विषय सरळ काढण्याचा धीर होईना. म्हणून मी दादांना म्हटले, "एकदा शेतीचा हिशेब मांडून पाहू." दादांनी एक शब्द न बोलता पत्र्याची पेटी आणून पुढे ठेवली. कारखान्याची ऊसबिले, दूधसंकलनाच्या चिठ्ठ्या, कांद्याच्या पट्ट्या, सोसायटीचे पासबुक, कृषी सेवा केंद्राच्या पावत्या, सर्व काही तारखेवार होते. ते लावणारा माणूस दहावी नापास आहे. आम्ही तीन संध्याकाळी बसलो. कचेरीतल्या सवयीप्रमाणे मी कागदावर रकाने आखले.

प्रत्यक्ष खर्च वजा जाता २ लाख ४० हजार रुपये उरत होते. मला बरे वाटले. मग मी घरच्या माणसांचे दिवस मोजायला घेतले. अर्ध्या दिवसांचे पूर्ण करून दादांचे २६० दिवस भरले, पुतण्याचे ९० आणि वहिनींचे ३००. गावातल्या दराने पुरुषाचा रोज ५०० आणि बाईचा ३०० धरला. बेरीज २ लाख ६५ हजार झाली. म्हणजे शेती २५ हजारांनी तोट्यात. अजून माझ्या जमिनीचा खंड मी धरलेलाच नव्हता.

वहिनी दाराशी गहू निवडत होत्या. त्यांनी विचारले, "भाऊजी, माझा रोज दोनशेनं कमी का धरला?" मी म्हणालो, "गावात तोच दर आहे, वहिनी." त्या म्हणाल्या, "बाईनं धार काढली म्हणून गाय काय दूध कमी देते का?" मला उत्तर सुचले नाही. मी आकडा दुरुस्त केला. तोटा २५ हजारांवरून ८५ हजारांवर गेला.

मंडळी, माझी सारी नोकरी हिशेबातल्या गाळलेल्या रकमा शोधण्यात गेली आहे. माझ्या स्वतःच्या घरातली सर्वांत मोठी रक्कम गाळलेली होती आणि ती मला दिसली नव्हती. ऊसतोडणीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला मिळून "एक कोयता" असे मोजतात. पुष्कळशा शेतकरी घरांत तेवढेही मोजत नाहीत. मी भावाकडे काही मागत नव्हतो म्हणून स्वतःला धनको समजत होतो. वास्तविक देणे माझ्याकडे होते. जमीन पडीक पडली नाही, बांध कोरला गेला नाही, आईचे म्हातारपण तिच्या स्वतःच्या अंगणात गेले. हे सर्व त्या न धरलेल्या मजुरीतून झाले होते.

विक्रीचा विषय मी काढला नाही. तो दादांनीच काढला. निघण्याच्या दिवशी ते म्हणाले, "विकायचं मनात असेल तर आधी मला सांग. बाहेरून कळायला नको." त्यांना सारे उमगले होते.

आता सहकाराकडे वळतो, कारण त्या पेटीतले निम्मे कागद सहकारी संस्थांचे होते. लहान शेतकऱ्याला शेतात काटकसर करता येते. परंतु बाजारात, सावकारापुढे, कारखान्याच्या दारात तो एकटा असतो. १८७५ साली सुप्याला दंगा झाला तो सावकारांच्या वह्यांवरून. कुणब्यांनी शोधून शोधून कर्जरोखे जाळले. वही दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याखाली स्थापन झालेल्या देशातील अगदी पहिल्या कृषी पतसंस्थांपैकी एक संस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ या गावी सिद्धनगौडा पाटील यांनी उभारली. ते गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, आज आपल्या कर्नाटकात आहे. म्हैसूर संस्थानानेही १९०५ सालीच स्वतःचा सहकारी कायदा केला. तेव्हा सहकाराच्या बाबतीत आपण मराठी माणसे या प्रांतात पाहुणे नसून जुने सोयरे आहोत.

तरीही पहिली पन्नास वर्षे पुष्कळशी कागदावरच राहिली. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचे अध्यक्ष गोरवाला होते आणि गाडगीळ तिचे सदस्य. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग केवळ ३.१ टक्के असल्याचे तिला आढळले. सावकारांचा भाग दोन तृतीयांशांहून अधिक होता. समितीने हे अपयश स्पष्ट शब्दांत मान्य केले आणि सहकार सोडून देण्याऐवजी तो अधिक बळकट पायावर उभा करण्याची शिफारस केली.

तो पाया कसा असावा, याचे उदाहरण नगर जिल्ह्यात तयार होत होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित शेतकरी. गाडगीळ हे केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. प्रवरेच्या बागाईत पट्ट्यात ऊस पिकत होता, पण कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. ज्याने ऊस पिकवला त्यानेच साखर करावी आणि नफाही त्यालाच मिळावा, हा विचार घेऊन विठ्ठलराव गावोगाव भाग गोळा करीत फिरले. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष स्वतः गाडगीळ होते. सहकारी क्षेत्रातील जाणते नेते वैकुंठभाई मेहता त्या वेळी मुंबई राज्याचे मंत्री होते. त्यांचेही पाठबळ लाभले. पुढे याच नमुन्यावर महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने शाळा, दवाखाने, दूधसंघ आले. माझी स्वतःची महाविद्यालयीन फी उसाच्या बिलातूनच भरली गेली आहे.

याच कथेचे येथील रूप आपण रोज पाहतो. सकाळी आपल्या दारात पडणारी नंदिनी दुधाची पिशवी सहकारी संघाची आहे. आपल्या कोपऱ्यावरचे हॉपकॉम्सचे फळभाज्यांचे दुकान म्हणजे १९५९ साली बेंगळुरूच्या द्राक्ष बागाईतदारांनी, डॉ. मरिगौडा यांच्या पुढाकाराने, स्थापन केलेली सहकारी संस्था. त्या दुकानात आपण भावाची घासाघीस करीत नाही. किंमत पाटीवर लिहिलेली असते. लिहिलेली किंमत आणि उघडी वही, सहकाराचे सारे बळ यात आहे.

आणि त्याचे सारे दुखणेही येथेच आहे. महाराष्ट्रातील कित्येक सहकारी कारखाने बंद पडले, काही विकले गेले, जिल्हा बँका अडचणीत आल्या, हे आपण जाणतो. पुढाऱ्यांना दोष देणे सोपे आहे आणि पुष्कळदा रास्तही आहे. परंतु सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, मग भाग कितीही असोत. एवढा अधिकार हाती असलेल्या सभासदाने वार्षिक अहवाल चहाच्या कपाखाली ठेवला, तर संस्थेचे रक्षण कोण करणार?

आमच्या पेटीतले सोसायटीचे पासबुक पाहताना मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, दरवर्षी मार्चअखेर पीक कर्ज पूर्ण फिटलेले दिसे आणि थोड्याच दिवसांत तेवढेच कर्ज पुन्हा काढलेले दिसे. गावात याला "नवंजुनं" म्हणतात. वेळेवर फेड केली तर व्याजाची सवलत मिळते. म्हणून शेतकरी आठपंधरा दिवसांसाठी गावातल्या एखाद्या हातउसन्यावाल्याकडून रक्कम उचलतो, ती सोसायटीत भरतो, नवे कर्ज निघाले की त्याला व्याजासह परत करतो. कागदावर वसुली उत्तम आणि कर्ज बिनव्याजी. प्रत्यक्षात १८७५ सालचा सावकार मागील दाराने घरात आलेला. दादा इतकी वर्षे हे करीत होते आणि त्या आठपंधरा दिवसांचे व्याज त्यांनी कोणत्याच वहीत लिहिले नव्हते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या लाजेची आहे. सोसायटीत वडिलांचा भाग अजून वडिलांच्याच नावे होता. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. वारस म्हणून नाव लावायचे काम माझ्याकडे दिले होते, कारण कागदपत्रे मला कळतात. मी ते केले नव्हते. मयत सभासद सभेला येत नाही, प्रश्न विचारत नाही, मत देत नाही. आणि जिवंत असून बेंगळुरूत बसलेला वारस त्याच्याहून फारसा वेगळा नसतो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो, आणि आपणही त्यांचा विचार करावा अशी विनंती आहे. पहिली, दिवाळीत एक संध्याकाळ हिशेबाची. घरच्या प्रत्येक माणसाचे दिवस लिहायचे, बाईचा रोज पुरुषाइतकाच धरायचा. नफा झाला तर आनंदच आहे. तोटा निघाला तर तो कोणी सोसला, हे घरात सर्वांना कळावे. दुसरी, मार्चअखेरची नवंजुनंची रक्कम पंधरा दिवसांसाठी मी पाठवतो. ती परत येते. मला त्यात काही जात नाही आणि सावकाराचे येणे बंद झाले. तिसरी, भाग आता दादांच्या नावे लावून घेतला आहे. वहिनींनाही सभासद करून घेतले. वार्षिक सभेपूर्वी अहवालाची पाने फोनवरून माझ्याकडे येतात. मी ताळेबंद वाचतो आणि न समजणाऱ्या रकमांपुढे खूण करतो. प्रश्न विचारायला वहिनी उभ्या राहतात. गेल्या सभेत त्यांनी येणे बाकीच्या एका रकमेविषयी विचारले. गटसचिवांना लगेच उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यात ते लेखी आले.

ही फार मोठी क्रांती नव्हे, हे मी जाणतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. १९७०-७१ साली ती ४.२८ हेक्टर होती. एवढ्या तुकड्यावर हिशेब कितीही चोख ठेवला तरी पाऊस, भाव आणि निर्यातबंदी यांपुढे तो थिटाच पडतो. त्यासाठी धोरणे हवीत, आणि ती आपल्या वहीने ठरत नाहीत. परंतु धोरण ठरवणाऱ्यापुढे जो आकडा जातो, तो कोणा तरी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसूनच लिहिलेला असतो. तेथे जर आपणच घरची मजुरी गाळली, तर दिल्लीने ती धरावी असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

या मंडळाने पन्नास वर्षे येथे गणेशोत्सव केला, नाटके केली, ग्रंथालय चालवले. ज्या माणसांनी हे उभे केले, त्यांच्यातील कित्येकांच्या पहिल्या प्रवासाचे भाडे गावाकडच्या एखाद्या पोत्याच्या विक्रीतून आले असेल. त्या पोत्यात कोणाकोणाचे दिवस होते, हे विचारण्यासाठी अजून उशीर झालेला नाही. येत्या दिवाळीत गावी जाल तेव्हा "शेती कशी चालली आहे?" असे विचारून थांबू नका. पेटी मागा, चटई अंथरा आणि बसा.